वाळवीने पचवलेलं पत्रक

गावात वाचनालय बांधायचं आहे, आणि जागेच्या नेमक्या कोपऱ्यात वाळवीचं वारूळ उभं आहे. सांगा, तुम्ही कुणाची बाजू घ्याल?

घाई करू नका. आमच्या घरात या प्रश्नावर अख्खा पावसाळा भांडण चाललं, आणि ते इतकं रंगलं की मिटलं तेव्हा सगळ्यांनाच थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. सावली, ब्रह्मपुरी, गडचिरोली या रस्त्यांवर त्यांनी निम्मं आयुष्य उभ्याने काढलं. निवृत्त झाले तरी आवाज बसमधलाच राहिला. घरी पाहुणे जेवायला बसले तरी ते ‘पुढे सरका, पुढे जागा आहे’ याच सुरात बोलतात. नोकरीतल्या प्रत्येक सुट्टीला ते पत्रकं वाटायला निघत. स्वतः लिहायचे, ओळखीच्या छापखान्यातून पिवळ्या कागदावर छापून आणायचे आणि आठवडी बाजारात, मेळाव्यात, कधी तर लग्नाच्या मांडवात वाटायचे. दारूवर, हुंड्यावर, जातीवर, भूतबाधेवर, मुलींच्या शाळेवर. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव वैनगंगेत सोडले होते आणि रिकाम्या झालेल्या कोनाड्यात एक पुस्तक ठेवलं होतं. बाबांनी त्या कोनाड्याचं पुढे गोदाम केलं.

मी अक्षरं शिकले ती त्या पिवळ्या कागदांवरून. शाळेच्या पुस्तकात ‘अ’ अननसाचा होता. अननस मी पाहिलेला नव्हता. बाबांच्या पत्रकात ‘अ’ अन्यायाचा होता. तो ओळखीचा होता.

उरलेल्या पत्रकांचं काय करायचं हा आईचा विषय. ती ती डब्यांखाली घालायची, चुलीला लावायची, उन्हाळ्यात ओल्या पापडांखाली अंथरायची. आमच्या पापडांवर त्यामुळे उलटी अक्षरं उमटायची. एकदा एका पापडावर ‘बंद करा’ एवढंच उमटलं. आईने तो वेगळा काढून ठेवला आणि बाबा जेवताना भाषण द्यायला लागले तेव्हा मुकाट्याने त्यांच्या ताटात वाढला.

तर वाचनालय. आमचं गाव धानाचं. विहाराच्या मागे एक लहानसा तुकडा रिकामा होता. गावातल्याच एका कुटुंबाने तो वाचनालयासाठी दिला. सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘पोटखराब’. म्हणजे जिथे पीक येत नाही अशी जमीन. या शब्दावर माझा जुना राग आहे. ज्या जमिनीवर गाई चरतात, ज्या बांधावरून बाया तरोट्याची भाजी खुडून नेतात, जिथल्या पळसाच्या पानांवर गाव जेवतं, तिला कुणीतरी खुर्चीत बसून ‘पोटखराब’ म्हणून टाकलं. कुणाचं पोट? कुणी खराब केलं? पण हे मी आत्ता लिहिते आहे. त्या वेळी मला तो तुकडा फक्त चार भिंतींएवढा दिसत होता. मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात जीपला लोंबकळत जाऊन प्राणिशास्त्र शिकले. गावातल्या ज्या मुली माझ्या मागून शिकत होत्या त्या भांडी घासून झाल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचायच्या. त्यांना टेबल हवं होतं, दिवा हवा होता आणि ‘ऊठ, पाणी आण’ असं कुणी म्हणणार नाही अशी जागा हवी होती. वाचनालय माझ्या बाबांना जितकं हवं होतं, त्याहून मला जास्त हवं होतं.

आणि त्या तुकड्याच्या मागच्या कोपऱ्यात ते वारूळ होतं. माझ्या छातीला लागेल एवढं, तांबूस मातीचं, तीन शेंड्यांचं. आमच्याकडे वारुळाला डुंबर म्हणतात. श्रावणाच्या सुमाराला, ढग गडगडून उकाडा झाला की त्या डुंबराच्या पायथ्याशी एका रात्रीत सात्या निघतात. सात्या म्हणजे रानातल्या पांढऱ्या छत्र्या, अळंब्या. ज्यांनी खाल्ल्या नाहीत त्यांना चव सांगता येत नाही, आणि ज्यांनी खाल्ल्या आहेत ते सांगत बसत नाहीत, ताट पुढे करतात.

त्या डुंबरावर पहिला हक्क होता बाईंचा. बाई म्हणजे आमच्या मागच्या घरात राहणारी गोंड म्हातारी. सगळं गाव तिला नुसतं बाई म्हणतं. जंगल गावापासून दूर नाही, पण वाघाची ये-जा वाढल्यापासून घोळका जमल्याशिवाय कुणी आत शिरत नाही, आणि बाईंचा गुडघा घोळक्याच्या चालीने चालत नाही. पूर्वी जंगलातली किती तरी डुंबरं बाईंची होती. आता चालत जाता येईल असं हे एकच उरलं होतं.

पाया खणायला जेसीबी येणार हे ठरलं त्याच दिवशी संध्याकाळी बाई आमच्या अंगणात येऊन बसल्या.

“भाऊ, डुंबर पाडून राह्यले म्हणे?”

“हो बाई. जोतं घालाचं आहे. पावसाच्या आधी पाया झाला पायजे.”

“मंग सात्या कुठी निघतीन?”

“बाजारात. आता डब्यात मिळते मशरूम.”

“ते मशरूम होय?” आई आतून ओरडली. “भिजलेला खोडरबर होय तो!”

बाबा वळून म्हणाले, “तू कोणाकडून आहेस?”

“भाजीकडून,” आई म्हणाली.

बाबांचा विरोध हट्टाचा नव्हता, हे मला इथे सांगितलं पाहिजे. त्यांची भीती दोन गोष्टींची होती आणि दोन्ही खऱ्या होत्या. पहिली त्यांनी बोटांवर मोजत सांगितली. “बाई, हे डुंबर आज इथी राह्यलं. नागपंचमीले कोणी हळद लावन. पुढच्या वर्षी शेंदूर. मंग झेंडा. मंग टिनाचं मंदिर, मंग भोंगा. अन् वाचनालय? ते मंदिराची चप्पल ठेवाची जागा होईन.” आमच्या भागात हे घडताना आम्ही पाहिलेलं होतं. विहाराच्या भिंतीला लागून तर हे आणखीनच लवकर घडतं, आणि मग त्यावरून जे होतं ते गावाने निस्तरायचं.

“मी पूजा नाई करत तिथी,” बाई म्हणाल्या. “मी भाजी नेतो.” आमच्याकडे बायाही ‘नेतो, येतो’च म्हणतात.

“अन् दुसरं,” बाबांनी आवाज चढवला, “पुस्तकाच्या बाजूले वाळवी? चोराच्या हाती किल्ल्या देता काय? वाळवीले कागद दिसला की ते थांबत नाई.”

“ते पोट भरलं की थांबते,” बाई म्हणाल्या. “त्यायले दाराशी जेवाले द्या. तनीस टाका, पालापाचोळा टाका. मंग तुमच्या घरात ते कायले येतीन? तुमच्या घरी काय मटन शिजून राह्यलं?”

मला दोघांचंही पटत होतं. म्हणजे त्या घरात मी कुणाचीच नव्हते.

राजुऱ्याकडून आलेला जेसीबीवाला दुसऱ्या दिवशी मशीनवरून खाली उतरला, त्याने कोपरा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “सात्या येतात का याले?”

“येतात,” बाई म्हणाल्या.

त्याने मशीनच बंद केलं. “मंग भाऊ, हे मले नका सांगू. माझ्या घरी समजलं तर मले जेवाले नाई देत.”

बाबा त्याच्यावर बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून ओरडत तसे ओरडले. तो हसत राहिला. वाचनालयाच्या कमिटीतली पोरं दोन्हीकडे वाटली गेली. सिमेंटची पोती विहारात येऊन पडली होती. पाऊस लागला की त्यांचा दगड झाला असता. शेवटी तोड काढली आईने. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, “तीन दगडांवर चूल उभी राह्यते. तीन कोपरे खणा. चवथ्याचं पावसानंतर पाहू.”

अशा प्रकारे आमच्या गावात तीन कोपऱ्यांचं वाचनालय सुरू झालं. जाणारे-येणारे विचारायचे, “काय भाऊ, समोसा बांधून राह्यले का?” बाबा दात-ओठ खायचे. पण आईची तोड त्यांनी मान्य केली होती ती एका अटीवर. पावसाळाभर परीक्षा घ्यायची. वाळवी जिंकली, म्हणजे तनीस असूनही कागद खाल्ला, तर दसऱ्याआधी डुंबर जाईल. बाईंनी अट ऐकली, सुपारीचं खांड गालात सरकवलं आणि म्हणाल्या, “ठेवा तुमचा कागद.”

परीक्षेसाठी कागद कोणता? कोनाड्यात सगळ्यात मोठा गठ्ठा एकाच पत्रकाचा होता. नाव होतं ‘वारुळात देव नसतो’. बाबांनी ते एका वर्षी नागपंचमीच्या दिवशीच वाटायला काढलं होतं, त्यामुळे कुणी हात लावला नव्हता. तोच गठ्ठा त्यांनी दोन भागांत बांधला. एक डुंबराच्या शेजारी जमिनीवर ठेवला, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या बाजूला तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि पळसाचा पाचोळा रचला. दुसरा ठेवला आईच्या हट्टाने एका लोखंडी स्टुलावर. स्टुलाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत. मुंग्या लागू नयेत म्हणून आमच्या घरात जाळीचं कपाट असंच उभं असतं. दोन्ही गठ्ठ्यांवर प्लास्टिक. वाट्यांत पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाबांच्या मते बीएस्सीचा घराला तेवढा तरी उपयोग व्हायला हवा होता.

मीही पुन्हा पुस्तक उघडलं. कॉलेजात वाळवीचं चित्र काढून गुण मिळवले होते, पण समोरच्या डुंबराशी त्या चित्राचा संबंध लावला नव्हता. पुस्तकात लिहिलेलं होतं की अशी वारुळं करणारी वाळवी लाकूड, गवत, कागद आणते खरी, पण ते तिला सरळ पचत नाही. ती आत बुरशीची शेती करते. आणलेला पाला चावून, गिळून त्याचं खत घालते, त्यावर बुरशी वाढवते आणि ती बुरशी खाते. पावसाळ्यात हीच बुरशी जमिनीतून लांब देठ वर काढते आणि छत्री उघडते. त्या छत्र्या म्हणजे सात्या. माणसाने त्यांची लागवड करायचा प्रयत्न केला तर साधत नाही. वाळवी मेली की सात्या बंद.

मी हे बाईंना सांगायला धावत गेले.

“म्हणजे ते शेतकरी आहेत,” मी म्हणाले.

“मंग काय चोर समजत होतीस काय?” बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला जवळ ओढून विचारलं, “आत शेती कशी दिसते? तुया पुस्तकात चित्र आहे काय?”

चित्र होतं. मेंदूसारखी, भोकाभोकांची, करड्या रंगाची बुरशीची पोळी. बाईंनी ती पानावर बोट फिरवत कितीतरी वेळ पाहिली. त्यांनी जन्मभर डुंबर वरून पाहिलं होतं आणि मी फक्त आतून, तेही चित्रातलं. त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून ते पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. मला या विषयावरच्या भाषणांचा कंटाळा आहे तो यासाठीच. शहरातून माणसं येतात, हात जोडून ‘आदिवासींचं पारंपरिक ज्ञान’ म्हणतात, फोटो काढतात आणि जातात. जोडलेल्या हातांनी पुस्तकाचं पान उलटता येत नाही. ज्ञानाला नमस्कार नको असतो, त्याला प्रश्न विचारणारा शेजारी लागतो. आणि ज्या जंगलात ते ज्ञान राहतं, त्या जंगलात जायचा हक्कही लागतो.

नागपंचमी आली. बाबा सकाळपासून जागेवर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले होते. गावातल्या दोघी-तिघी दुधाचे गडवे घेऊन खरंच आल्या. बाबांनी घसा साफ केला, पण त्यांच्या आधी बाईच काठी आपटत पुढे गेल्या.

“ए पोरीहो! दूध नका ओतू तिथी!”

“काऊन बाई? नागोबाले देऊन राह्यलो.”

“कुठचा नागोबा! आत लेकराबाळायचं घर आहे त्यायचं. दूध मुरलं तर सडते. तुया घरात मी बादलीभर दूध ओतलं तर चालन काय? तुया सासूले चालन काय?”

“सासूले चालन जी, एक बार ओताच तुमी,” त्यातली एक म्हणाली, आणि सगळ्या हसत सुटल्या. गडवे घेऊन त्या परत गेल्या. त्यातली एक जाताना म्हणाली की आता चहाच करतो. बाबा खुर्चीत तसेच बसून होते. त्यांचं इतक्या वर्षांचं काम, एक शब्द न छापता, झालं होतं.

त्याच दुपारी त्यांनी एक पत्रा पांढरा रंगवला आणि त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं: ‘येथे देव नाही. वाळवी आहे. दूध ओतू नये.’ त्यांनी आयुष्यात लिहिलेलं हे सगळ्यात लहान पत्रक. गावातला पहिला माणूस असा की ज्याने ते पूर्ण वाचलं, तो म्हणजे आमचा दूधवाला. तो काही फार खूश झाला नाही.

पुढच्या आठवड्यात ढग गडगडले आणि घामाने जीव नकोसा झाला. सकाळी बाई कुंपणापाशी उभ्या राहून नुसतं खाकरल्या. सात्या निघाल्या की हाक मारायची नाही आणि बोट दाखवायचं नाही, नाहीतर त्या परत जातात, असं त्यांच्यात मानतात. आम्ही सगळे अनवाणी गेलो. डुंबराच्या पायथ्याशी मातीला भेगा पडल्या होत्या आणि त्यांतून पांढरे, टोकदार, मिटलेले शेंडे वर आले होते. जणू कुणीतरी खालून बोटं वर केली होती. 

बाबांनी संधी सोडली नाही. “हे पाहा,” म्हणाले, आणि दोन्ही हातांची दहाही बोटं सात्यांवर रोखून उभे राहिले. “आता जा म्हणा परत!”

आम्ही वाट पाहिली. सात्या कुठेही गेल्या नाहीत. दुपारपर्यंत उलट आणखी वर आल्या.

“पाह्यलं बाई?” बाबा म्हणाले.

बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, “तुमचं बोट डुंबर मनावर नाई घेत भाऊ. बसमध्येही कोणी घेत नव्हतं.”

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पण मी पाहत होते की पुढे सात्या खुडताना बाईंनी एकदा, हळूच, स्वतःचं बोट एका शेंड्याकडे केलं आणि थोडा वेळ तसंच धरलं. शेंडा तिथेच होता. मग त्यांनी तो खुडून पदरात टाकला.

खुडायची मात्र त्यांची रीत पक्की होती. विळा लावायचा नाही, देठ हाताने पिळून वर घ्यायचा, माती उकरायची नाही. आणि जी छत्री पूर्ण उघडली आहे, कडेला फाटायला लागली आहे, ती ठेवायची. आईने तिलाही हात घातला तशी बाईंनी मनगट धरलं.

“ते ठेव. ते घरवाल्यायची.”

घरवाले म्हणजे वाळवी. घर त्यांचं, कष्ट त्यांचे, म्हणून एक छत्री त्यांची. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता अंधश्रद्धेवर एक वाक्य येणार. ते चष्मा पुसत मला म्हणाले, “तुझं पुस्तक काय म्हणते?” पुस्तक म्हणत होतं की उघडलेल्या छत्रीतून बारीक बीजुकं खाली पडतात आणि नवं घर मांडणारी वाळवी ती बीजुकं गोळा करून आपली शेती सुरू करते. पिकलेल्या छत्र्या सगळ्याच खुडल्या तर पुढच्या घराला बियाणं नाही.

“मंग ते बोटाचं खोटं अन् छत्रीचं खरं,” बाबा म्हणाले.

“मी कुठी म्हटलं सगळंच खरं आहे?” बाई म्हणाल्या. “आमच्या माणसायनं सांगतलं ते मी सांगतलं. पाहून घेणं तुमी पाहा.”

मला वाटतं, विज्ञान याहून फार वेगळं नसतं. 

आईने सात्या धुतल्या, हातानेच उभ्या चिरल्या, जवसाच्या तेलात कांदा-मिरची परतून त्यात टाकल्या. वर मीठ आणि हळद, बाकी काही नाही. आम्ही सगळे, बाईंसकट, आमच्या अंगणात भाताबरोबर जेवलो. बाबांनी तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा आई म्हणाली, “पुढे सरका, पुढे जागा आहे.”

परीक्षेचा निकाल भाद्रपदात लागला. पाऊस उघडला तशी आम्ही सगळे जागेवर जमलो. कमिटीची पोरंही आली. बाबांनी जमिनीवरच्या गठ्ठ्यावरचं प्लास्टिक उचललं. आधी तनीस पाहिली: मातीच्या थराखाली अर्धीअधिक संपलेली. बाईंनी मान हलवली. मग पत्रकं पाहिली. वरच्या पानाला मातीचं पापुद्र्यासारखं अस्तर आलेलं होतं. बाबांनी ते झटकलं. खाली पत्रकच नव्हतं. ‘वारुळात देव नसतो’ यातला फक्त ‘वारुळात’ शिल्लक होता, तोही काना नसलेला.

“खाल्लं!” बाबा ओरडले. “मी म्हटलं होतं! बाई, तुमची तनीस खाल्ली अन् वरून माझं पत्रकही खाल्लं!”

बाई वाकून बघत राहिल्या. हरल्या होत्या, आणि ते त्यांना कळत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच उतरलेलं मी पाहिलं. “हो भाऊ,” त्या म्हणाल्या. “यायचं पोट माह्या समजापेक्षा मोठं निघालं. बोलवा तुमची मशीन.”

मग आई चिखल तुडवत स्टुलाकडे गेली. प्लास्टिक काढलं. पिवळी पत्रकं कोरी करकरीत होती, कोपराही कुरतडलेला नव्हता. तिने त्यातलं एक ओढून बाबांसमोर धरलं.

“इथी काऊन नाई चढली?”

“पाणी आहे म्हणून.”

“अन् पाय लोखंडाचे आहेत म्हणून. मंग पुस्तकं जमिनीवर कोण ठेवून राह्यलं? लोखंडाचे रॅक आणा. जोतं उंच करा, दगडाचं. वाळवी उडत थोडीच येते? तिले मातीचा रस्ता कराव लागते, अन् तो भिंतीवर दिसते. दिसला की झाडू मारा.”

“रस्ता दिसते,” बाई हळूच म्हणाल्या, “बोटाएवढा. ओला असते तेव्हाच झाडला तर परत फिरतात.”

बाबा निकालाचं काय करायचं या विचारात पडले. ते परीक्षा जिंकले होते आणि स्टुलावरची शाबूत पत्रकं सांगत होती की डुंबर पाडायची गरज नाही. जिंकलेल्या माणसाला मागे फिरणं फार जड जातं, हे मी चळवळीतल्या किती तरी बैठकांत पाहिलं आहे. बाबांनी आईच्या हातातलं पत्रक घेऊन नीट घडी करून खिशात ठेवलं. म्हणाले, “चवथा कोपरा आत घ्या. दोन हात खोली लहान झाली तरी चालन. पण पाटी मी लिहीन.”

“पाटीवर माही पण एक ओळ पायजे,” बाई म्हणाल्या.

म्हणून आज आमच्या वाचनालयाचा एक कोपरा कापलेला आहे. बाहेरून पाहिलं तर खोली चुकल्यासारखी दिसते. आत त्या तिरप्या भिंतीत एक खिडकी आहे, तिच्यापाशी टेबल, आणि टेबलावर कायम कुणीतरी मुलगी वाचत बसलेली असते. समोर डुंबर. पुस्तक घरी न्यायचं असेल तर एकच नियम आहे: आधी झाडू घेऊन जोत्याला एक फेरी मारायची, मातीचा रस्ता दिसला तर झाडायचा, मग पुस्तक न्यायचं. वर्गणी नाही. लहान पोरं फेरी मारताना रस्ता सापडावा म्हणून टपलेली असतात, आणि सापडला की असा ओरडा होतो की मुली आतून रागावतात. आतापर्यंत एकाही पुस्तकाला वाळवी लागलेली नाही. उंदराने दोन खाल्ली. तो वेगळा लढा आहे.

यंदाही सात्या आल्या. जेवताना बाबा अचानक थांबले. घास हातातच. “पोरी,” म्हणाले, “ते पत्रक आत नेलं त्यायनं. त्याचं खत झालं. त्याच्यावर बुरशी आली.” 

“हो.”

“म्हणजे आपण तेव्हाच...”

“पत्रक खाल्लं,” मी म्हणाले.

बाबांनी घास तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. “चांगलं लिहिलं होतं,” ते म्हणाले.

मी पत्रकांवर वाढले असं मी आजवर भाषणांत सांगत आले. आता ते पोटातून खरं आहे. म्हणून हेही एक पत्रकच समजा. पिवळ्या कागदावर नाही एवढंच.

पाटीवर आता चार ओळी आहेत. तीन बाबांच्या, शेवटची बाईंची: ‘येथे देव नाही. वाळवी आहे. दूध ओतू नये. सात्या न्या, पण घरवाल्यांची छत्री ठेवा.’

तुमच्याही आसपास एखादं डुंबर असेल. शेताच्या बांधावर, शाळेच्या मागे, नव्या प्लॉटच्या कोपऱ्यात, कागदावर ‘पोटखराब’ लिहिलेल्या कुठल्या तरी तुकड्यात. माझी मागणी एवढीच आहे. मशीन बोलावण्याआधी एक पावसाळा थांबा. तेवढ्यात शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे जा आणि विचारा, “इथी काय निघते?” ती जे सांगेल ते खरं मानू नका, खोटंही मानू नका, तिच्या सोबत उभं राहून पाहा. ओळखणारं माणूस बरोबर नसेल तर रानातली कुठलीच छत्री तोंडात घालू नका. आणि ओळखणारं माणूस असेल, ताट भरलं असेल, तर पूर्ण उघडलेली एक छत्री मागे ठेवा. ती घरवाल्यांची आहे.